लग्नाच्या दाखल्यापासून नागरिकत्वाच्या शपथेपर्यंत

बेंगळुरूत स्थिरावलेल्या मराठी घरात परदेशी सून किंवा परदेशी जावई आला की काही दिवसांतच कोणीतरी विचारते, ‘सिटिझनशिप कधी मिळणार?’ प्रश्न आपुलकीचा असला तरी तो सुरुवातीचा प्रश्न नाही. सुरुवातीला विचारायचा प्रश्न मांडवात तोंडातून काढवत नाही: उद्या हे लग्न मोडले, किंवा जोडीदारच राहिला नाही, तर ही व्यक्ती या देशात कोणत्या हक्काने राहील? एंट्री व्हिसा, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आणि नागरिकत्व या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन लग्नाच्या आधाराने उभ्या आहेत. तिसरी लग्नातून मिळू शकते, पण एकदा मिळाली की लग्नावर अवलंबून राहत नाही. म्हणून कोणत्या पायरीवर थांबायचे हा निर्णय घरच्यांच्या सोयीने होऊ नये. परदेशातून आलेल्या माणसाच्या सुरक्षिततेचा विचार करून, त्याने स्वतः, सगळे समजून घेऊन तो घ्यावा. या लेखातला सगळा तपशील याच एका विचाराभोवती मांडला आहे.

मराठी घरांना परदेशी सुना नव्या नाहीत. परमवीर चक्राचा आराखडा करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या आणि १९३२ मध्ये विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्याच झाल्या. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्वेट यांनी भारत पाटणकरांशी लग्न केले, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात संसार मांडला आणि १९८३ मध्ये त्या भारतीय नागरिक झाल्या. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असल्यामुळे आपल्याला वाटते की लग्न झाले म्हणजे नागरिकत्व आज ना उद्या आपोआप येणारच. पण मधल्या काळात कायदा पुष्कळ बदलला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या मूळ कलम ५ मध्ये भारतीय नागरिकाशी ‘विवाहित असलेल्या किंवा पूर्वी विवाहित असलेल्या’ स्त्रियांना नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची तरतूद होती. परदेशी नवऱ्याला ती वाट नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’च्या जागी ‘व्यक्ती’ आली आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची अट पडली. २००३ च्या दुरुस्तीने, जी डिसेंबर २००४ पासून लागू झाली, पाचाची सात वर्षे केली आणि ‘पूर्वी विवाहित असलेल्या’ हे शब्दही गेले. आजचा कायदा ‘जी विवाहित आहे’ अशा व्यक्तीबद्दल बोलतो. एका क्रियापदाच्या काळातला हा फरक परदेशी जोडीदाराच्या आयुष्यात फार मोठा ठरू शकतो. जुन्या शब्दांत विधवेला आणि घटस्फोटितेलाही जागा होती. आजचे शब्द अर्जाच्या दिवशी लग्न टिकून आहे की नाही ते पाहतात. ‘घाई काय आहे’ असे म्हणून वर्षानुवर्षे अर्ज पुढे ढकलणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

आता पहिल्या कागदाकडे, म्हणजे लग्नाच्या दाखल्याकडे वळू. इथेच सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या कळतात तेव्हा दोन-तीन वर्षे निघून गेलेली असतात. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला दोन्ही पक्ष हिंदू असावे लागतात. वर किंवा वधू ख्रिस्ती असेल आणि लग्न मंगल कार्यालयात सप्तपदी करून लागले असेल, तर विधी कितीही यथासांग झाले तरी त्या कायद्याखाली ते लग्न टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अशाच एका हिंदू-ख्रिस्ती विवाहाबाबत हे स्पष्ट केले. उलट बाजूने, २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की विधीच झाले नसतील तर हिंदू विवाहाचा नुसता नोंदणी दाखला लग्नाला वैधता देत नाही. म्हणून भिन्न धर्मांच्या जोडप्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा सरळ मार्ग धरावा. त्यासाठी दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान तीस दिवस राहिलेले असावे लागते, आणि नोटीस प्रसिद्ध झाल्यावर आणखी तीस दिवस थांबावे लागते. तीन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन लग्न उरकून परत जाण्याचा बेत इथे बसत नाही. आधी धार्मिक विधी झालेले असतील तर याच कायद्याच्या कलम १५ खाली त्या विवाहाची नोंद करता येते. लग्न परदेशात झाले असेल तर तिथल्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारे अधिकृत प्रमाणीकरण, करून घ्यावे आणि दाखला इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर जोडावे.

दाखल्यावरचे नाव हा मराठी घरांचा खास प्रश्न आहे. आपल्याकडे लग्नात सुनेचे नाव बदलण्याची आणि मधले नाव नवऱ्याचे लावण्याची हौस असते. घरात खुशाल हाक मारावी, पण पासपोर्टवर जे नाव आहे तेच, त्याच अक्षरांत, दाखल्यावर, भाडेकरारावर आणि बँकेच्या पासबुकावर असू द्यावे. नाव बदलायचेच असेल तर आधी मूळ देशाचा पासपोर्ट बदलावा, मग बाकीचे कागद. पत्त्याचेही तसेच. बेंगळुरूचा विमानतळ ज्या देवनहळ्ळी तालुक्यात आहे तो बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यात येतो, आणि या जिल्ह्याचे नाव बेंगळुरू उत्तर करण्याचा निर्णय कर्नाटक मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये घेतला. त्यामुळे जुन्या-नव्या कागदांवर जिल्ह्याचे नाव वेगळे दिसले तर तो फरक अर्जातच स्पष्ट करावा, अधिकाऱ्याने विचारण्याची वाट पाहू नये.

दुसरा टप्पा व्हिसाचा. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला एंट्री व्हिसा मिळतो, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. तो परदेशातल्या भारतीय दूतावासातून मिळवूनच येणे उत्तम. दुसऱ्या व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने इथे भारतीयाशी लग्न केले तर तिचा व्हिसा बदलून मिळण्याची सोय आहे, मात्र ई-टुरिस्ट व्हिसा सर्वसाधारणपणे बदलून मिळत नाही, तेव्हा त्या भरवशावर विमानात बसू नये. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर राहायला आलेल्याने आगमनापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. परदेशी नागरिकांची नोंदणी करणारे बेंगळुरूचे एफआरआरओ कार्यालय शांतिनगरच्या बसस्थानकाच्या इमारतीत आहे, पण एप्रिल २०१८ पासून ई-एफआरआरओ देशभर सुरू झाल्याने बहुतेक कामे घरून ऑनलाइन होतात, आणि बोलावणे आले तरच जावे लागते. ज्या घरात परदेशी व्यक्ती राहते त्या घरमालकाने किंवा यजमानानेही तिची माहिती ऑनलाइन कळवायची असते. लोक त्याला फॉर्म सी म्हणतात. सासरी राहणारी सून ही पाहुणी नाही हे आपल्याला पटते, पण या नियमापुरती ती परदेशी नागरिकच असते. नोकरीबद्दलही स्पष्टता हवी: एक्स व्हिसा स्वतःहून काम करण्याचा हक्क देत नाही. पगाराची नोकरी धरण्याआधी एफआरआरओकडे परवानगीची चौकशी करावी, नियुक्तिपत्र हातात पडल्यावर नाही.

या टप्प्यावर मुदतीचे भान ठेवणे का महत्त्वाचे, हे कायद्याच्या दोन तरतुदी शेजारी ठेवल्या की समजते. वैध कागदांवर येऊन परवानगीच्या मुदतीपेक्षा जास्त राहिलेली व्यक्तीही नागरिकत्व कायद्याच्या व्याख्येनुसार ‘अवैध स्थलांतरित’ ठरते, आणि अशा व्यक्तीला कलम ५ खाली नोंदणीचे दार बंद असते. याच कायद्याच्या कलम ३ नुसार ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक होण्यासाठी दोन्ही पालक नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक असून दुसरा जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे आईचा किंवा वडिलांचा व्हिसा बाळंतपणाच्या गडबडीत संपून गेला, तर त्या विस्मरणाची किंमत बाळाला मोजावी लागू शकते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याने १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा फॉरेनर्स कायदा यांची जागा घेतली आहे. मुदतीबाहेर राहणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिसा संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहावी आणि मुदतवाढीचा अर्ज आदल्या आठवड्यावर ठेवू नये.

तिसरा टप्पा ओसीआय कार्डाचा, आणि बहुतेक जोडपी इथे थांबतात. लग्न नोंदलेले असेल आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षे टिकले असेल, तर परदेशी जोडीदाराला या कार्डासाठी अर्ज करता येतो. कार्ड देण्याआधी सुरक्षा पडताळणी होते. भारतात केलेल्या अर्जाचे शुल्क १५,००० रुपये आहे. स्वतः, आईवडील, आजोबा-आजी किंवा पणजोबा-पणजी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असतील किंवा पूर्वी कधी असले असतील तर हे कार्ड मिळत नाही. त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वेगळी वाट आहे. कार्ड मिळाले की व्हिसाची मुदतवाढ आणि एफआरआरओची नोंदणी सुटते, आयुष्यभर ये-जा करता येते आणि नोकरीही करता येते. इतके सगळे मिळत असल्यामुळे ते नागरिकत्वच आहे असा समज होतो. नावात ‘सिटिझन’ असले तरी तसे ते नाही. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. पत्रकारितेसारख्या कामांसाठी वेगळी परवानगी लागते. आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. देवनहळ्ळीच्या परिसरात हा शेवटचा मुद्दा रोजच्या व्यवहारातला आहे. कर्नाटकाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यांवरची शेतजमीन खरेदीची बंदी उठवली, तेव्हापासून भारतीय नवरा इथे एकरभर जमीन घेऊ शकतो, पण ओसीआयधारक बायकोचे नाव त्या खरेदीखतात सहखरेदीदार म्हणून घालता येत नाही. दोघांच्या कष्टाचा पैसा एकाच्याच नावावर जातो. सदनिका किंवा बिगरशेती प्लॉट मात्र दोघांच्या नावावर होऊ शकतो, आणि शक्य तिथे तो तसाच घ्यावा.

ओसीआयची खरी मर्यादा मात्र कलम ७ड मध्ये आहे. लग्नाच्या आधारे मिळालेले हे कार्ड, लग्न न्यायालयाने किंवा अन्य प्रकारे विसर्जित झाले तर सरकार रद्द करू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर रद्द करण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, एवढाच दिलासा. नवा पासपोर्ट मिळाला की जोडीदाराच्या नात्याने कार्ड घेतलेल्याने तीन महिन्यांत त्याची प्रत आणि लग्न अजून टिकून असल्याचे प्रतिज्ञापन ऑनलाइन भरायचे असते. या अटीचा अर्थ नीट समजून घ्यावा: पंधरा वर्षे इथे राहून, मुले वाढवून, शाळेत शिकवून किंवा धंदा उभारूनही या व्यक्तीचा इथला हक्क दुसऱ्याशी असलेल्या नात्यातूनच मोजला जातो. घरात छळ होत असेल तर कार्ड जाईल या भीतीने ती तक्रार करणार नाही. छळ नसला, प्रेमाचे घर असले, तरी जी सुरक्षितता केवळ दुसऱ्याच्या चांगुलपणावर उभी आहे तिला हक्क म्हणता येत नाही.

इतर देश काय करतात ते इथे उपयोगी पडते, कारण अनेक मराठी मुली आणि मुलगे बेंगळुरूच्या याच विमानतळावरून उलट्या दिशेने, जोडीदाराच्या व्हिसावर परदेशी जातात. जर्मनीत जोडीदार म्हणून आलेल्या व्यक्तीचा संसार तिथे तीन वर्षे झाला असेल, तर सर्वसाधारणपणे लग्न मोडल्यावरही तिला स्वतःच्या नावावर राहण्याचा परवाना मिळण्याची तरतूद आहे, आणि गंभीर अन्यायाच्या प्रसंगी ही मुदतही शिथिल होते. अमेरिकेत नव्या लग्नावर दोन वर्षांचे सशर्त ग्रीनकार्ड मिळते, पण अटी काढून टाकल्यावर ते लग्नापासून सुटे होते, आणि छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःचा अर्ज स्वतः करण्याची सोय आहे. म्हणजे तिथे नागरिकत्वाच्या अलीकडेच एक अशी पायरी आहे जी माणसाला स्वतःच्या पायावर उभी करते. भारताच्या व्यवस्थेत एक्स व्हिसा आणि लग्नावरचे ओसीआय यांत ती पायरी नाही. म्हणून इथे नागरिकत्वाचा प्रश्न अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. आपल्या लेकीला परदेशात जो आधार असावा असे आपल्याला वाटते, तोच दुसऱ्याच्या लेकीला आपल्या घरात मिळावा, एवढीच ही अपेक्षा आहे.

नागरिकत्वाकडे जाणाऱ्या वाटा दोन. पहिली कलम ५(१)(क) ची, म्हणजे भारतीय नागरिकाशी विवाह आणि सात वर्षांचे वास्तव्य. या सात वर्षांची मोजणी नीट समजून घ्यावी. अर्जाच्या लगतचे बारा महिने सलग भारतात काढलेले असावेत, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे. म्हणजे पाहिला जाणारा काळ एकूण नऊ वर्षांचा असतो. दरवर्षी तीन महिने माहेरी जाणाऱ्या सुनेचे आठ वर्षांत चोवीस महिने बाहेर जातात, म्हणजे ती अगदी मर्यादेवर येते; एका वर्षी आईच्या आजारपणात आणखी महिना गेला की हिशोब चुकतो. शेवटच्या बारा महिन्यांत सरकार जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकते, तीही कारण नोंदवून. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी: कोणत्या तारखेला गेलो, कोणत्या तारखेला आलो, कोणत्या पासपोर्टवर शिक्का आहे. जुने पासपोर्ट फेकू नयेत. दुसरी वाट कलम ५(१) च्या शेवटच्या खंडाची: ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षे झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिले, तर अर्ज करता येतो. लग्नाची दोन वर्षे अधिक कार्डाची पाच वर्षे मिळून इथेही कमीत कमी सातच होतात, पण ज्यांचे काम त्यांना वारंवार देशाबाहेर नेते त्यांना ही वाट सोयीची पडते. ओसीआय लवकर घेण्याचे खरे कारण हेच असावे. पुढच्या वाटेचे घड्याळ त्या दिवशी सुरू होते.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कर्नाटकातल्या भाषेत डेप्युटी कमिशनरांकडे, कागद तपासून घ्यायचे. तिथून तो राज्य सरकारकडे आणि मग गृह मंत्रालयाकडे जातो. दरम्यान पोलीस आणि गुप्तचर विभागाची चौकशी होते. शेजाऱ्यांना, घरमालकाला आधी सांगून ठेवावे, कारण चौकशीला आलेल्या शिपायाला ‘आम्हाला माहीत नाही’ असे उत्तर मिळाले की अर्ज रेंगाळतो. अर्ज मान्य होण्याच्या टप्प्यावर मूळ नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागितला जातो, आणि निष्ठेची शपथ घेतल्यावर प्रमाणपत्र मिळते. मूळ नागरिकत्व सोडण्याचे पाऊल भारत सरकारचे लेखी पत्र हातात येण्याआधी कधीही उचलू नये. नाहीतर मधल्या काळात कोणत्याच देशाचे न राहण्याची वेळ येऊ शकते.

आता आक्षेपांकडे येऊ. सर्वांत वजनदार आक्षेप असा की मूळ पासपोर्ट सोडणे फार मोठी किंमत आहे: आजारी आईला भेटायलाही मग व्हिसा लागेल, तिकडची पेन्शन, वारसा, मुलांचे शिक्षण यांवर परिणाम होईल. हा आक्षेप खरा आहे आणि तो कोणी हलक्यात घेऊ नये. जर्मनीने जून २०२४ पासून एकाहून अधिक नागरिकत्वे मान्य केली, तरी भारताला ती मान्य नाहीत, त्यामुळे त्या सवलतीचा इथे उपयोग होत नाही. पण या आक्षेपातून निष्कर्ष असा निघतो की निर्णय विचारपूर्वक घ्यावा. निर्णयच घेऊ नये असा निघत नाही. ज्यांना मूळ पासपोर्ट ठेवायचा आहे त्यांनी तो जरूर ठेवावा, पण मग ओसीआयची उणीव दुसरीकडून भरून काढावी: राहत्या घरात नाव, स्वतंत्र बँक खाते, स्वतःची मिळकत, जोडीदाराचे मृत्युपत्र आणि विम्यावर नामनिर्देशन. दुसरा आक्षेप, असे कागद मागणे म्हणजे लग्नावर अविश्वास दाखवणे. पण आपल्या समाजाने स्त्रीधनाची कल्पना अविश्वासातून काढलेली नाही. सासरी गेलेल्या लेकीचे स्वतःचे असे काही असावे या मायेतून ती आली. नागरिकत्व हे परदेशी सुनेचे स्त्रीधन समजावे. तिसरा आक्षेप, हे सगळे एजंट करून देतो. एजंट अर्ज भरेल, पण दिवसांचा हिशोब, नावांचा मेळ आणि खोट्या माहितीची जबाबदारी सही करणाऱ्याचीच राहते. कलम १० नुसार फसवणुकीने मिळवलेले नागरिकत्व काढून घेता येते.

शेवटी एक साधे काम, जे आजच करता येईल. परदेशी जोडीदाराच्या नावाची एक फाइल करावी आणि ती त्याच्या किंवा तिच्याच कपाटात, तिच्याच कुलपात ठेवावी: लग्नाचा मूळ दाखला, सगळे पासपोर्ट, नोंदणीचे कागद, प्रवासाची वही, मुलांचे जन्मदाखले. दाखला सासूबाईंकडे आणि पासपोर्ट नवऱ्याच्या ऑफिसात, असे नको. देवनहळ्ळीत राहणाऱ्यासाठी या वाटेची दोन्ही टोके एकाच तालुक्यात आहेत. विमानतळ इथलाच, आणि जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर कार्यालयही याच तालुक्यात. विमानतळावर ती व्यक्ती कोणाची तरी पत्नी किंवा कोणाचा तरी पती म्हणून दाखल होते. शपथेच्या दिवशी प्रमाणपत्रावर आलेले नाव मात्र तिच्या एकटीच्या हक्काचे असते, आणि पुढे संसाराचे काहीही झाले तरी ते तिचेच राहते.